औषधी अळंबीची भुकटी : स्वयंपाकात व पेयांत तिचा उपयोग

पनवेल तालुक्यातील उलवे, वहाळ, गव्हाण, मोरावे या बाजूच्या सभासदांकडून गेले काही महिने एकाच आशयाची विचारणा आमच्याकडे होत आहे. घरातील एखाद्या खोलीत धिंगरी अळंबी लावली, ती चांगली आली, परंतु ताजा माल दोन दिवसांत खपला नाही म्हणजे तो सुकवून त्याची भुकटी करावी लागते. ही भुकटी घरी कशी वापरावी, गिऱ्हाइकास तिच्याविषयी काय सांगावे, आणि बाजारात 'औषधी' म्हणून डबीबंद भुकटी चढ्या भावाने विकली जाते तिच्यात व आपल्या भुकटीत फरक कोणता, असा तो प्रश्न आहे. प्रत्येकास निराळे उत्तर पाठविण्यापेक्षा या विषयाचा येथे एकदा सविस्तर विचार करणे आम्हांस बरे वाटते.

हा प्रश्न उलव्याकडूनच अधिक यावा यात आश्चर्य नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यास आरंभ झाला. त्यात या भागातील भातखाचरे, खाजणे व मिठागरे गेली. पुढे विमानतळासाठी मूळ उलवे गाव तसेच तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी इत्यादी गावे उठवावी लागली व त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. ज्यांचे वाडवडील खाऱ्या जमिनीतून भात काढीत होते त्यांच्याजवळ आज बहुधा एक घर व त्यातील एखादी मोकळी खोली एवढेच शेतीच्या उपयोगाचे साधन उरले आहे. अळंबीस जमीन लागत नाही. भाताचा पेंढा, ओलावा, सावली व स्वच्छता एवढ्यावर ती येते. पेंढा अद्यापि पनवेल, पेण व कर्जतकडून मिळू शकतो. जमीन गेलेल्या शेतकऱ्यास शेतकरी म्हणून राहण्याचा जो एखादा मार्ग उरला आहे त्यांपैकी हा एक होय, आणि म्हणूनच या पिकाचे नाव खोट्या स्तुतीने बिघडू नये अशी आमची तळमळ आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अळंबीची भुकटी हे अन्न आहे. ती शिजवूनच पोटात जावी. आणि रोग बरा करणारी वस्तू म्हणून ती कोणी विकू नये व कोणी घेऊही नये. पुढील सर्व विवेचन या तीन गोष्टींस धरून आहे.

'औषधी अळंबी' या एका नावाखाली अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात, म्हणून प्रथम त्यांची ओळख करून घेतली पाहिजे. धिंगरी ही शिंपल्याच्या आकाराची, पेंढ्यावर येणारी, भाजी म्हणून खाल्ली जाणारी जात. आपल्याकडील उष्ण व दमट हवेस हीच सर्वांत सोयीची. शिताके ही जपान व चीन या देशांतील प्रसिद्ध खाद्य अळंबी. ती लाकडाच्या भुशावर व ओंडक्यांवर वाढवितात. सिंहाच्या आयाळीसारखी पांढऱ्या तंतूंची लोंबती अळंबी थंड हवा मागते, ती आपल्याकडे यंत्राने खोली गार केल्यावाचून साधत नाही. रेशी, जिला चिनी लोक लिंगझी म्हणतात, ती लाकडासारखी कठीण व अतिशय कडू असून भाजी म्हणून खाण्याची वस्तूच नव्हे. तिचा काढाच करतात. कॉर्डिसेप्स म्हणून जे केशरी रंगाचे तंतू बरण्यांत तांदळावर वाढवून विकतात, ते हिमालयात अतिउंच कुरणांवर पतंगाच्या अळीवर उगवणाऱ्या कीडाजडीहून निराळ्या जातीचे आहेत. दोहोंचे नाव एक झाल्यामुळे किंमतही एक मागणारे दुकानदार आहेत, त्यांच्यापासून सावध असावे.

परदेशी नावांच्या या गर्दीत आपल्या कोकणातील एक जुने औषध मात्र विसरले जात आहे. जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कठीण, तपकिरी, खुराच्या आकाराची बुरशी येते. तिला फणसांबा किंवा फणसअळंबे म्हणतात. लहान मुलांचे तोंड आले, लाळ फार गळू लागली, म्हणजे हा फणसांबा सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा लेप हिरड्यांस व तोंडात लावण्याची चाल आपल्या बाजूस आहे, आणि वनौषधींच्या दुकानांतही तो मिळत असे. पुण्याच्या कवकशास्त्रज्ञांनी या चालीची शास्त्रीय नियतकालिकांतून नोंद केली आहे. यावरून औषधी बुरशीची कल्पना आपल्यास नवी नाही हे दिसेल. पण त्यातील तारतम्यही पाहण्यासारखे आहे : आमच्या आज्यांनी फणसांबा उगाळून लावला, तो पिठात मिसळून रोज खाल्ला नाही. सुश्रुतसंहितेत देखील पेंढा, ऊस, शेण, वेळू व जमीन यांवर उगवणाऱ्या छत्राकांचा शाकवर्गात निरनिराळा उल्लेख आहे, तर स्मृतिग्रंथांत छत्राक खाण्याचा निषेध आहे. कित्येक घरांत आजही अळंबी चुलीवर चढत नाही ती त्यामुळेच असावी. ज्याच्या घरी चालत नसेल त्याजवर आग्रह करण्याचे कारण नाही.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. पावसाळ्यात वारुळांवर येणारी रानअळंबी आपल्याकडे आवडीने खातात व ती ओळखणारी डोंगरकडची माणसे ती ओळखतातही. परंतु रानातून आणलेल्या कोणत्याही अळंबीची भुकटी कधीही करू नये. विषारी छत्री व खाण्याची छत्री यांतील भेद टोपी, देठ, खालच्या पात्या व देठाच्या बुडाची पिशवी पाहून कळतो; दळून झाल्यावर जाणत्यासही तो कळणे शक्य नाही. काही जातींचे विष शिजविल्याने वा सुकविल्याने जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ काही जाणवत नाही. मग ओकारी व जुलाब सुरू होतात. ते थांबून बरे वाटू लागते आणि आत यकृताचा नाश चालू असतो. सबब भुकटी करावी ती खात्रीच्या बियाण्यापासून स्वतः वाढविलेल्या अळंबीचीच. बियाणे व शिक्षण यांसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळंबी प्रकल्प व सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालय या सरकारी संस्था आहेत.

आता शिजविण्याचा आग्रह का, ते सांगतो. कोळंबीचे सोल, खेकड्याचे कवच ज्या द्रव्याचे असते त्यास कायटिन म्हणतात. अळंबीच्या पेशींच्या भिंतीही त्याच द्रव्याच्या असतात. खेकड्याचे कवच कोणी चावून खात नाही, पण ते ठेचून उकळले म्हणजे त्याचा अर्क रश्श्यात उतरतो, हे उलव्याकडील गृहिणीस आम्ही सांगावे असे नाही. अळंबीचेही तसेच आहे. बीटा-ग्लुकान म्हणून जी शर्करासमूहाची द्रव्ये तिच्यात असतात व ज्यांच्यावर सर्व औषधी गुणांची चर्चा चालते, ती या भिंतीत गुंतलेली असून त्यांतील बराच भाग कढत पाण्यात हळूहळू सुटतो. कच्ची भुकटी गार दुधात ढवळून प्यायल्यास पुष्कळांचे पोट फुगते. शिवाय कच्च्या अळंबीपासून प्रत्यक्ष अपायही होतो. कच्ची किंवा अर्धी शिजलेली शिताके खाल्ल्याने अंगावर चाबकाचे वळ उठावे तसे लाल, खाजरे पट्टे उठतात, असे जपानात १९७७ साली प्रथम वर्णिले गेले. नीट शिजविली म्हणजे हा त्रास सहसा होत नाही.

भुकटी चांगली होणे वा न होणे हे दळण्यावर नसून सुकविण्यावर आहे. ताज्या अळंबीत दहा भागांपैकी नऊ भाग पाणी असते, म्हणून दहा किलो ताज्या मालाची एक किलो भुकटी होते, तीही सुकवण चांगली साधली तर. धिंगरीची कड सपाट होऊन वर वळण्याच्या आधीच ती तोडावी. उशीर केल्यास तिचे पांढरे बीजकण धुळीसारखे खोलीभर पसरतात व ते रोज श्वासावाटे गेल्यास खोकला, ताप व छातीचा विकार जडतो. सकाळी खोलीत शिरताना नाकातोंडास फडके बांधावे व आधी वारा खेळू द्यावा. तोडलेली अळंबी पाण्यात बुडवू नये. बुडाशी पेंढा लागलेला असेल तो कापून टाकावा व हाताने तंतूंच्या दिशेने बोटाएवढ्या पट्ट्या कराव्या.

कोरड्या दिवसांत, म्हणजे दिवाळीपासून वैशाखापर्यंत, या पट्ट्या पात्या वर करून दुपारच्या उन्हात एक-दोन तास ठेवाव्या. यात केवळ सुकविण्याचा हेतू नाही. अळंबीत अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते व त्यावर सूर्यप्रकाश पडला म्हणजे त्याचे 'ड' जीवनसत्त्व बनते. दिवसभर इमारतींच्या सावलीत वावरणाऱ्या शहरी गिऱ्हाइकास याची उणीव फार, आणि भुकटीच्या ज्या गुणाविषयी आम्ही निःशंकपणे बोलू शकतो असा हा एक गुण आहे. त्यानंतर स्वच्छ जाळीखाली वाऱ्यावर किंवा विजेच्या वाळवणयंत्रात सुकवण पुरी करावी. आरंभी ४५ अंशांच्या सुमारास व शेवटी ५५ ते ६० अंश उष्णता पुरे. एकदम अधिक उष्णता दिल्यास बाहेरून कडक व आतून ओलसर असा फसवा माल होतो. पावसाळ्यात उन्हावर विसंबणे व्यर्थ आहे. खाडीवरून येणाऱ्या हवेत आषाढ-श्रावणात पापडही सादळतो, तेथे अळंबीची काय कथा! त्या दिवसांत यंत्र नसेल तर ताजा मालच विकावा, भुकटीच्या भरीस पडू नये. चुलीवरच्या उतवावर धुरात ती सुकवू नये, आणि बोंबील-सुकट वाळत घातलेल्या अंगणात तर मुळीच नाही. अळंबी पराया वास फार लवकर घेते.

पट्टी वाकविताच टचकन मोडली तर सुकली असे समजावे. चामड्यासारखी वाकली तर नाही. सुकलेला माल झाकणाच्या डब्यात पूर्ण निवू द्यावा, मग दळावा. गरम असताना दळल्यास वाफ धरून गोळे होतात. तलम जाळीने चाळून लहान लहान काचेच्या बरण्यांत भरावे. मोठी बरणी पावसाळ्यात दहा वेळा उघडली की सर्व माल सादळतो. एका बरणीत साधारण महिन्याचा खर्च भरावा व सहा महिन्यांत सर्व संपवावे. गोळा झालेली, कुबट वास येणारी किंवा रंग पालटलेली भुकटी पुन्हा भाजून वापरण्याची काटकसर करू नये. रेशी मात्र घरच्या यंत्रात दळली जात नाही. तिचा कापसासारखा भुसा होतो. तिच्या पातळ चकत्याच ठेवाव्या.

स्वयंपाकातील उपयोगाचा आता विचार करू. प्रमाणाचे सूत्र सोपे आहे : चार माणसांच्या पदार्थास धिंगरीच्या भुकटीचे दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम. ही ताज्या अळंबीची सुमारे साठ ग्रॅम झाली. याहून अधिक घातल्यास पदार्थ चिकट व करडा होतो, रुचीही जड होते. नवख्याने पहिले आठ-दहा दिवस याच्या निम्म्यानेच आरंभ करावा. भुकटी कोरडी कधीही उकळत्या भांड्यात टाकू नये, तिच्या गुठळ्या होतात व गुठळीच्या पोटात ती कच्ची राहते. दुप्पट गार पाण्यात दहा मिनिटे कालवून ठेवून मग ती भांड्यात सोडावी व पुढे दहा मिनिटे तरी मंद उकळू द्यावी. दुसरी रीत, तेलातुपावर परतण्याची. पण ही भुकटी हळदीप्रमाणे क्षणात करपते व करपली की कडू होते. कांदा पुरता तांबूस झाल्यावर, विस्तव अगदी मंद करून, अर्धा मिनिट परतावी व लगेच पाणी घालावे.

सर्वांत साधा व आमच्या मते सर्वांत चांगला उपयोग पेजेत. उकड्या तांदळाच्या कण्या चौपट-पाचपट पाण्यात शिजत आल्या की कालवलेली भुकटी घालावी, मीठ टाकावे आणि पंधरा मिनिटे मंद विस्तवावर ठेवावी. उतरताना थोडे जिरे व तुपाचा थेंब. आजाऱ्यास उठल्यानंतर तोंडाला चव नसते त्या वेळी ही पेज गोड लागते. ती गोड लागण्याचे कारण असे की, अळंबीत जी रसद्रव्ये आहेत तीच मांस, टोमॅटो व वाळविलेले मासे यांस रुची देतात. वाळविलेल्या शिताकेत तर ती फार. ज्या घरी श्रावणात मासे बंद होतात त्या घरी रश्श्याला येणारा फिकेपणा या भुकटीने बराच जातो. कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटपात वाटतेवेळीच दोन चमचे भुकटी मिसळावी. वाटपासह ती तेलावर परतली जाते व रश्श्यात उकळतेही, दोन्ही कामे एकदम होतात. बटाटा, वाल, दुधी, काळे वाटाणे यांच्या रश्श्यांत ती उत्तम बसते. मीठ मात्र नेहमीपेक्षा थोडे कमीच घालून चाखून पाहावे. माशांच्या कालवणात ती घालण्यात स्वारस्य नाही. ताज्या जिताड्यापुढे अळंबीला कोण विचारतो?

कुळथाच्या पिठीशी हिचे सूत चांगले जमते. फोडणीत लसूण तांबूस झाला की पाणी घालून ते उकळावे, कुळथाचे पीठ व भुकटी एकत्र गार पाण्यात कालवून त्यात सोडावी व कोकमाचे आमसूल टाकून दहा मिनिटे रटरटू द्यावी. तांदळाच्या भाकरीसाठी वीस भाग पिठास एक भाग भुकटी घ्यावी, पण ती पिठात कोरडी न मिसळता उकडीच्या पाण्यात घालून पाच मिनिटे उकळावी व मग पीठ टाकावे. कोरडी मिसळल्यास भाकरी थापताना चिरते व भाजताना भुकटी पुरती शिजत नाही. नाचणीच्या लाडवांत घालावयाची असल्यास पिठाबरोबर तुपात शेवटची पाच-सात मिनिटे भाजावी. एक किलो पिठास चार चमच्यांहून अधिक नको, नाहीतर मुले पहिला लाडू अर्धा टाकून उठतात. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या कोरड्या चटणीत भुकटी घालण्याची पद्धत काही ठिकाणी निघाली आहे. तीत ती शिजत नाही, केवळ गरम होते, म्हणून आम्ही ती पसंत करीत नाही.

अळंबी प्रथिनांची खाण असल्याची जाहिरात पुष्कळांनी वाचली असेल. सुकलेल्या धिंगरीत शंभरात वीस ते तीस भाग प्रथिन असते हे खरे. पण आपण खातो ते किती? तीन ग्रॅमच्या चमच्यात एक ग्रॅमही प्रथिन येत नाही. वाटीभर मटकीच्या उसळीत त्याच्या कितीतरी पट मिळते. तेव्हा प्रथिनासाठी कडधान्य खावे आणि भुकटी रुचीसाठी, तंतूंसाठी व उन्हात सुकविली असल्यास 'ड' जीवनसत्त्वासाठी वापरावी. अळंबी भाजी म्हणून भरपूर खाणाऱ्याची गोष्ट निराळी; ती प्रथिनाच्या दृष्टीनेही हिशेबात धरण्यासारखी आहे.

पेयांच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न चहाविषयी असतो. चहा झाल्यावर वरून भुकटी टाकून ढवळली की तिचा गाळ तळाशी बसतो व शेवटचा घोट ओकारी आणतो. त्याऐवजी दोन कप पाण्यात अर्धा चमचा कालवलेली भुकटी, आले व गवती चहाची पात घालून सात-आठ मिनिटे उकळावे, मग चहापूड, नंतर दूध, आणि गाळून घ्यावे. गूळ घालावयाचा तर विस्तवावरून उतरल्यावरच, नाहीतर दूध फाटते. खरे सांगावयाचे तर दुधाच्या चहापेक्षा खारे कढण हेच या भुकटीचे योग्य पेय होय. दोन कप पाणी, एक चमचा भुकटी, ठेचलेले आले, चार मिरे, जिरे व मीठ. दहा मिनिटे उकळून, न गाळताच, वर कोकमाच्या आगळाचे थेंब टाकून गरम प्यावे. गाळ खाली बसू नये म्हणून त्यात चमचाभर तांदळाचे पीठ लावले तरी चालते. नाचणीच्या आंबिलीतही तसेच : पीठ शिजत असताना भुकटी घालावी आणि ताक मात्र आंबील पूर्ण निवल्यावर मिसळावे. सोलकढी, ताक, सरबत यांसारख्या न शिजविलेल्या पेयांत कोरडी भुकटी टाकू नये. घालावयाचीच असेल तर थोड्या पाण्यात आधी उकळून, निववून मग घालावी.

कॉर्डिसेप्सच्या तंतूंची चिमूट, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन कप पाण्यात दहा मिनिटे मंद उकळली म्हणजे पिवळसर, सौम्य चवीचा काढा होतो. तंतू चावून खावे, टाकू नये. रेशीचे पेय यांहून निराळे. तीन ग्रॅम चकत्या चार कप पाण्यात रात्री भिजत घालून सकाळी मंद विस्तवावर पाऊण ते एक तास, पाणी निम्मे होईपर्यंत, आटवावे व फडक्यातून गाळावे. सुंठ व गूळ घातला तरी कडवटपणा झाकत नाही, आणि कडू नसलेली रेशी विकत घेण्यात अर्थही नाही. काहीजण ज्येष्ठमध घालतात. रक्तदाब असणाऱ्यांनी तो घालू नये, कारण ज्येष्ठमधाने दाब वाढतो.

रेशीचा काढा हे मात्र घरगुती पेय समजून सर्वांस देऊ नये. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे, मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध चालू असलेले, अवयव बदललेले, शस्त्रक्रिया ठरलेले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ती घेऊ नये. रेशीची भुकटी घेणाऱ्यांच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. परदेशी चागा म्हणून जी काळी बुरशी विकली जाते, तिच्यात ऑक्झलेट फार असून ती दीर्घकाळ खाल्ल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याचीही नोंद आहे. ज्यास अळंबीने पूर्वी अंगावर पित्त उठले वा दम लागला, त्याने भुकटीच्या वाटेस जाऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, जपानात अळंबीपासून कर्करोगावर औषध निघाले आहे, मग आम्ही एवढे का कचरतो? निघाले होते हे खरे. टर्कीच्या शेपटीसारख्या पट्ट्यांच्या एका बुरशीपासून काढलेल्या क्रेस्टिन या द्रव्यास १९७७ साली व शिताकेपासून काढलेल्या लेंटिनान या द्रव्यास १९८५ साली जपानात मान्यता मिळाली. पण ती शुद्ध केलेली द्रव्ये होती, लेंटिनान तर शिरेतून टोचावे लागे, आणि दोन्ही नेहमीच्या उपचारांस जोड म्हणून दिली जात, त्यांच्या जागी नव्हे. चमचाभर भुकटीचा चहा आणि ते औषध यांत उसाच्या पेरात व साखर कारखान्यात जेवढे अंतर आहे तेवढे आहे. कोणा घरी गंभीर आजाराचे माणूस आहे, औषधे महाग आहेत, आणि कोणी तरी सांगितले की ही डबी तीन महिने घ्या व गोळ्या सोडा. अशा वेळी ती डबी विकणारा आपला सभासद असेल, तर त्याने पैसे परत करावे पण 'गोळ्या सोडू नका' हे शब्द तोंडाने स्पष्ट उच्चारल्यावाचून गिऱ्हाइकास जाऊ देऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. खाद्यपदार्थ म्हणून विकावयाच्या भुकटीस २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी वा परवाना लागतो, मग ती बचत गटाच्या बायकांनी घरी केलेली का असेना. आणि मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग बरे होतात अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा ठरते. वेष्टनावर अळंबीची जात, कशावर वाढविली, सुकविल्याची तारीख, वजन व 'दहा मिनिटे शिजवून खावी' एवढे छापावे. भाव सांगताना शंभर ग्रॅम भुकटीत एक किलो ताजा माल गेला आहे हे गिऱ्हाइकास दाखवून द्यावे. त्याला तो पटतो, असा आमचा अनुभव आहे.

बाहेरची डबी विकत घेणाऱ्यांसाठी एक परीक्षा सांगतो. बरीच भुकटी अळंबीची नसून ज्या गव्हा-ज्वारीवर तिचे बी वाढवितात ते दाणेच बुरशीसकट सुकवून दळलेली असते. वेष्टनावर नाव अळंबीचे, आत बहुतांश पीठ. अर्धा चमचा भुकटी पाव कप पाण्यात उकळून पूर्ण गार करावी व वरच्या पाण्यात जखमेवर लावावयाच्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावे. पाणी आयोडीनच्या तांबूस-पिवळ्या रंगाचेच राहिले तर पीठ नाही. गडद निळे वा काळे झाले तर आत धान्याचे पीठ आहे असे समजावे. तपासलेले पाणी फेकून द्यावे व ती वाटी साबणाने धुऊन मगच स्वयंपाकात घ्यावी. कॉर्डिसेप्स तांदळावर वाढवीत असल्याने त्याच्या भुकटीत तांदळाचे दाणे दळलेले आहेत की काय, हेही याच रीतीने कळते. तंतू अखंड असताना विकत घेतल्यास या परीक्षेचीही गरज पडत नाही.